रविवारी गाडी घेऊन येशील तेव्हा

भंडारा,
मंगळवार

प्रिय प्रतिक्षा,

सप्रेम जय भीम.

परवा फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसती हं हं करत होते. शेवटी तू म्हणालीस, "मग ठरलं, रविवारी आम्ही गाडी घेऊन येतो, तू आईला तयार ठेव," आणि फोन ठेवून दिलास. ठरलं काहीच नव्हतं. काकूंना पुन्हा नागपूरच्या दवाखान्यात भरती करायचं, हे तू आणि प्रफुल्लभाऊजींनी पुण्यात बसून ठरवलंत आणि माझ्या गप्प बसण्याला होकार धरलात. शाळेतही तू हेच करायचीस. माझ्या डब्यातलं वांग्याचं भरीत चाटूनपुसून खायचीस आणि वर सगळ्यांना सांगायचीस, दीपाला आज भूकच नव्हती. तेव्हा मी चिडायचे नाही. आता चिडले आहे, पण फोनवर तू रडायला लागलीस की माझा राग विरघळतो आणि मी भलतंच कबूल करून बसते. म्हणून कागद घेतला. स्पीडपोस्टने टाकते, निघण्याआधी तुझ्या हातात पडेल.

आधी माझ्या कामाचं सांगते, कारण तुला ते कधी धड कळलंच नाही. तू सासरी "माझी मैत्रीण वेड्यांच्या गाडीवर असते" असं सांगतेस, हे माझ्या कानावर आलं आहे. गाडीवर असते हे खरं. आमच्या संस्थेची एक पांढरी बोलेरो आहे, ती चालवणारे कैलाशभाऊ आहेत, भोजराज ब्रदर नर्स आहेत, डॉक्टर बहुतेक वेळा फोनवर असतात, आणि मी केस मॅनेजर. जिल्ह्यात कुठूनही फोन येतो: कोणी पाण्याच्या टाकीवर चढून बसलंय, कोणी चार दिवस जेवलं नाही, कोणाला घरच्यांनीच खाटेला बांधून ठेवलंय. आम्ही जातो. डॉक्टरांचं बोलणं संपलं की जे उरतं ते सगळं माझं. गोळ्या कोण देणार, रात्री जवळ कोण झोपणार, बाई दवाखान्यात गेली तर तिच्या म्हशीचं दूध कोण काढणार, हे सगळं मी बघते. आणि आमचा एक नियम आहे. कोणालाही खोटं सांगून गाडीत बसवायचं नाही. घरचे हात जोडतात, "मॅडम, मामाच्या घरी लग्न आहे म्हणा ना, लगेच बसते." आम्ही नाही म्हणत. कुठे नेतोय ते सांगायचं आणि माणूस नको म्हणाला तर तिथेच बसून राहायचं, समजावायचं, नाहीतर उद्या पुन्हा यायचं.

या नियमाचा मला अभिमान आहे असं समजू नकोस. मागच्या उन्हाळ्यात मोहाडीकडच्या एका गावात सेवकराम नावाच्या माणसाकडे आम्ही गेलो होतो. तो आमच्याशी चांगला बोलला, चहा पाजला, पण दवाखान्यात यायला नको म्हणाला. डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती करण्याइतकं काही दिसत नाही. आम्ही परत आलो, पुन्हा जायचं ठरवून. त्याआधीच तो गावच्या तलावात सापडला. त्याची बायको सुमनबाई मला म्हणाली, "उचलून नेलं असतं त का बिघडलं असतं, बाई?" मी अजून त्याचं उत्तर शोधते आहे. तेव्हा तू मला "नियम शिकवू नकोस" म्हणालीस तर मी ऐकून घेईन. मलाच कधी कधी तो पटत नाही.

आता काकूंचं. बपेऱ्याहून पहिला फोन धुरपताबाईंचा आला होता, तुमच्या शेजारच्या. लीलाबाई नावाची बाई रोज सकाळी डबा भरून बालाघाटच्या रस्त्यावर उभी राहते आणि फॅक्टरीची बस थांबवते, असं त्या सांगत होत्या. गावाचं नाव ऐकून मला जरा शंका आली, ही तुझी आई तर नाही, आणि डबा ऐकल्यावर खात्रीच पटली. जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये आपण वाढलो तेव्हा सकाळचा भोंगा झाला की तुझी आई अंगणात यायची, काकांची बस वळणावर आली की खिडकीतून डबा आत द्यायची, आणि बस हलेपर्यंत काका काहीतरी विसरले म्हणून त्यांना बोलत राहायची. सगळी बस हसायची. बाबुलालकाका रिटायर होऊन गावी आले, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, आणि काकूंना बपेऱ्यात जवाहरनगरचा भोंगा ऐकू यायला लागला. हे तुला माहीत आहे. मी पुन्हा लिहितेय ते अशासाठी की तू त्याला "आईचं ते वेड" म्हणतेस आणि मला ते ऐकवत नाही. वेड तर वेड, पण ती काकांची वाट बघत उभी असते, हे तू एकदा तरी मोठ्याने म्हण.

ऑफिसात मी आधीच सांगितलं होतं की ही माझ्या मैत्रिणीची आई आहे, दुसऱ्या कोणाला द्या. दिलं. दोन वेगवेगळे जण जाऊन आले. काकूंनी दोन्ही वेळा बोलेरो दारात लागलेली पाहिली आणि आतून कडी घातली. मग मला पाठवलं. गाडी राइस मिलजवळ लावायला सांगितली आणि चालत गेले. दार उघडं होतं. मी बाहेर छपरीत बसले, आत या म्हणेपर्यंत आत जायचं नाही हे आमचं ठरलेलं. बराच वेळ गेल्यावर आतून आवाज आला, "दीपमाला होय ना तू? टाइप टू क्वार्टरवाली? मोठी झाली वं पोट्टी." माझ्या केसात आता पांढरे आहेत, प्रतिक्षा, पण त्या वाक्याने मला रडू आलं. मी रडले, आणि त्या दिवशी कामाचं काही बोललेच नाही. भोजराज ब्रदरनी नंतर मला त्यावरून पुष्कळ चिडवलं, की केस मॅनेजरची केस कोण बघणार.

पुढे मी जात राहिले. काकू बोलायच्या, चहा द्यायच्या, काकांच्या तक्रारी सांगायच्या. गोळीचं नाव काढलं की उठून आत जायच्या. दवाखाना म्हटलं की तोंड फिरवायच्या. दोन गोष्टी मला कळत नव्हत्या. एक, कोणतीही गाडी, अगदी ओळखीच्या माणसाचा ऑटोसुद्धा, त्यांना का चालत नाही. तुमसरच्या बाजारालाही त्या जात नव्हत्या. दुसरं, विहारात जाणं त्यांनी का सोडलं. क्वार्टरच्या विहारात वंदनेला तुझी आई सगळ्यांच्या पुढे असायची, तिची पांढरी साडी कडक इस्त्रीची, आपल्याला हात लावू द्यायची नाही. बपेऱ्याच्या घरात मला ती साडी पोत्यासारखी घडी करून चुलीजवळ ठेवलेली दिसली. गरम भांडी उतरवायला वापरत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, जुनी झाली. जुनी नव्हती ती.

मला ते धुरपताबाईंनी सांगितलं. त्यांना वाटलं मला माहीत असेल, मी तुझी मैत्रीण ना. "तिची पोरगी आली होती दसऱ्याले," त्या म्हणाल्या, "चाल आई, दीक्षाभूमीले जाऊ म्हणे. लीलाबाईनं पांढरं पातळ नेसलं, पोयाभाजी बांधली सगळ्याईसाठी, खुशीत गेली बापा. अन् तिथून सीधी दवाखान्यात. महिन्यानं आणून सोडली, तवापासून गाडी पायली का आंग थरथरते तिचं." मी धुरपताबाईंसमोर मान हलवली, जणू मला सगळं ठाऊक होतं. 

तू मला सांगितलं होतंस, "आईला दाखवून आणलं, भरती केलं, गोळ्यांनी फरक पडला." दीक्षाभूमीचं नाव तू काढलं नाहीस. दुसरं काहीही चाललं असतं ग. बारशाला नेतो म्हणाली असतीस, डोळ्यांच्या तपासणीला म्हणाली असतीस. आपल्या माणसाला वर्षातून एकदा जिथे जायची ओढ असते, जिथे तुझी आजी म्हणे छप्पनच्या धर्मांतराला पायी पोचली होती, तेच नाव तू वापरलंस, कारण त्या एका नावाला ती कधीच नाही म्हणणार नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं. त्या रात्री मला तुझा इतका राग आला की तुझा फोन दोनदा वाजू दिला.

मग राग उतरला. तू काय करणार होतीस? पुण्यात नोकरी, घरात लहान मुलगी, इथे आई पहाटे रस्त्यावर. भाऊजी म्हणाले असतील, दुसरा मार्ग नाही. मी स्वतः असे पन्नास लोक पाहिलेत, चांगले, प्रेमळ, जे हेच करतात. गोळ्यांनी फरक पडला होता हेही खरं. फक्त त्या गोळ्या फसवून मिळाल्या म्हणून घरी येताच काकूंनी त्या गोबरगॅसच्या खड्ड्यात टाकल्या. आगीतून निघून फुफाट्यात पडायचं ते हेच.

हिवाळ्यात हळूहळू जमलं. मी काकूंना खरं सांगितलं: भोंगा वाजत नाही, काका गेले, गोळीने झोप लागेल, भोंगा कमी ऐकू येईल, तोंड कोरडं पडेल. त्या म्हणाल्या, "अन् तुह्या काकाचा आवाज?" मी म्हटलं, तोही कदाचित कमी होईल. त्यांनी त्या दिवशी गोळी घेतली नाही. पुढच्या वेळी घेतली, स्वतःच्या हाताने, पाणी स्वतः ओतून. उन्हाळाभर त्या रस्त्यावर गेल्या नाहीत. शेजारच्या पोरींना त्यांनी पापड करायला बसवलं, एकीला तर रडवलं म्हणे, पापड जाड लाटला म्हणून. मला वाटलं, जिंकलं.

मग रोवणा लागला, भाताची लावणी. सगळं गाव धानाच्या बांधीत, धुरपताबाई दिवस उगवायच्या आत चिखलात, आणि मी पवनीकडे एका वेगळ्याच भानगडीत अडकलेली. गोळ्या चुकल्या. आणि ती सकाळ आली जिचा व्हिडिओ तुला पुण्यात कोणीतरी पाठवला. तू व्हिडिओत पाहिलंस ते एवढंच की आई रस्त्याच्या मधोमध डबा धरून उभी आहे, ट्रक बाजूच्या रोवलेल्या बांधीत उतरला आहे आणि ड्रायव्हर हिंदीत शिव्या देतो आहे. त्यात धुरपताबाई दिसत नाहीत. त्या बांधीतून तशाच चिखलाच्या पायांनी धावत आल्या, काकूंच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बस इथं नाही थांबत व लीलाबाई, तिकडे स्टॉपवर थांबते, चाल." आणि हाताला धरून एसटीच्या शेडमध्ये नेऊन बसवलं. आम्ही तुमसर ओलांडून पोचेपर्यंत दोघी तिथेच बसल्या होत्या. काकू मला म्हणाल्या, "गाडी चुकली वाटते. गेट बंद होते मंग." पोरं हसत होती. एक म्हातारा म्हणत होता, बांधून ठेवा तिले, एखांद्या दिवशी मरन. तो दुष्ट नव्हता, प्रतिक्षा. त्याचंच म्हणणं मला रात्री आठवतं. धुरपताबाईंनी मला बाजूला घेतलं आणि डोळ्यात पाणी आणून म्हणाल्या, "मी कितीक दिवस पाहू, बाई? माह्या घरी बी माणसं आहेत." त्यांनाही नाव ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

म्हणून तुझा फोन आला तेव्हा मी गप्प होते. तू म्हणालीस, आई तुझ्यावर विश्वास ठेवते, तूच तिला सांग की भंडाऱ्याला तुझ्या घरी जेवायला बोलावलंय, गाडीत बसली की पुढचं आम्ही बघू. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मी क्षणभर हो म्हणणार होते. मला सेवकरामचा तलाव दिसत होता आणि तुझ्या आईच्या अंगावर येणारा ट्रक दिसत होता. एक खोटं, एक जेवणाचं आमंत्रण, आणि बाई सुरक्षित. मी इतक्या जवळ गेले होते त्या होकाराच्या की फोन ठेवल्यावर माझे हात धुतले, का ते मलाच कळलं नाही.

ट्रकच्या त्या सकाळपासून काकूंनी गोळ्या पुन्हा नीट घेतल्या आहेत. धुरपताबाईंची सून रोज बघायला जाते. त्या आवाजाने काकू स्वतःच हादरल्या आहेत, आणि काल मी गेले तेव्हा त्यांचं डोकं अगदी स्वच्छ होतं, भोजराज ब्रदरही सोबत होते. मी मनात एक ठरवून गेले होते. कायद्याने आता हक्क आहे की माणसाने शुद्धीत असताना आधीच सांगून ठेवावं, उद्या माझं मला ठरवता येईनासं झालं तर माझ्या वतीने अमुक माणूस बोलेल. साधा कागद पुरतो. रक्ताचंच नातं हवं असं नाही. काकूंनी धुरपताबाईंचं नाव घेतलं असतं तर रविवारी तुला त्यांना विचारल्याशिवाय काही करता आलं नसतं. मी त्याच आशेने गेले होते, लपवत नाही. काकू लाखोळीची डाळ निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "प्रतिक्षाचं लिव." मी म्हटलं, काकू, ती लांब असते, धुरपताबाई जवळ आहेत, विचार करा. तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मले समजते तू का म्हणून राहिली ते. पोरीनं मले फसवलं. पण त्या दिवशी गाडीत रस्ताभर माहा हात धरून बसली होती ते. हात थंडगार तिचा. मी तवाच समजली, दीक्षाभूमीले नाही जाऊन राहिलो." मी विचारलं, मग उतरल्या का नाहीत? "उतरली असती त अजून भेली असती पोरगी. भेलेलं माणूस खोटं बोलते. राग एवढाच आहे, मले तिथं सोडून जातानी सांगून नाही गेली. नाव तिचंच लिव." मी लिहिलं, त्यांनी सही केली. तेव्हा रविवारी डॉक्टरांसमोर तुझा शब्द चालेल, माझा नाही, आणि हे तुला सांगणं माझं काम आहे म्हणून हे पत्र. स्पष्ट लिहिते, माझा तुझ्यावर भरवसा उरलेला नाही. तिचा आहे. जेवणाचं आमंत्रण मी देणार नाही. भरती करायची असेल तर कुठे, किती दिवस, तू जवळ थांबणार की नाही, ते सगळं तिच्यासमोर बसून, गाडीत बसायच्या आधी सांग. तुझे हात थंड पडले तरी चालतील, ती ते ओळखते.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
दीपमाला